डाव्या पंखाचा शेंडा

मित्रांनो, मी एका विमानाच्या डाव्या पंखाचा जुना शेंडा आहे. तोच, वर वळलेला. खिडकीतून मला पाहून तुम्ही म्हणायचात, "हे शोभेला लावलंय वाटतं!" शोभेला? वा रे वा!

पंखाखालच्या हवेचा दाब जास्त, वरच्या हवेचा कमी. म्हणून खालची हवा टोकाला वळसा घालून वर पळते आणि मागे भोवरा सुटतो. तो विमानाला मागे ओढतो, मग इंधन जास्त जळतं. मी आडवा यायचो म्हणून त्याचा जोर ओसरायचा. वर्षानुवर्षं तो माझ्या पाठीशी घुमत असे. खरं सांगतो, मला त्याची भीती वाटायची. तो माझ्यात फट शोधतोय, असंच वाटायचं.

उजव्या पंखावर माझा जुळा भाऊ. आम्ही दोघंही पातळ थर चिकटवून घडवलेले. आतले थर सुटले तर बाहेरून काही दिसत नाही. म्हणून तपासणीला मेकॅनिकताई आम्हाला नाण्याने वाजवायची. टण् आवाज आला तर धडधाकट, ढप्प आला तर आतून पोकळ. "कसे आहात रे जुळ्यांनो?" म्हणत ती कान लावायची.

एकदा शेजारी ड्रिल किंचाळत होतं. ताईने कानांवर आवाज अडवणारी टोपणं चढवली आणि सवयीने तशीच मला वाजवत गेली. मी ढप्प वाजलो. अगदी जीव तोडून वाजलो! "ठणठणीत आहे," म्हणाली आणि पुढे गेली.

आकाशात भोवऱ्याला फट सापडली. माझी साल उकलली, मी थरथरू लागलो. आत माणसं होती. एक बाळ खिडकीतून मला टाटा करत होतं. कॅप्टनने विमान कसंबसं उतरवलं. ताईने या वेळी टोपणं काढून मला पुन्हा वाजवलं. ढप्प. "देवा, मी ऐकलंच नाही!"

मला काढून हँगरच्या, म्हणजे विमानं तपासायच्या शेडच्या, कोपऱ्यात टेकवलं. त्यानंतर ताई आधी ड्रिल बंद करायला लावायची, मगच नाणं हातात घ्यायची. आता ती निवृत्त झाली. इथे वाऱ्याची झुळूकसुद्धा येत नाही, तरी माझ्या पाठीशी काहीतरी घुमत असतं.

आज माझं जुनं विमान तपासणीला आलंय. दुपारी ते उडणार आहे. उजव्या पंखापाशी नवा मेकॅनिक नाणं वाजवतोय. टण्. टण्. ढप्प.

हा माझ्या भावाचा आवाज.

"ओके!" मेकॅनिक ओरडला. त्याच्या कानांवर टोपणं आहेत. आणि माझ्या पाठीशी घुमणारं ते एकाएकी थांबलंय. ते तिकडे गेलंय, भावाच्या मागे.

मित्रांनो, मला तोंड नाही, तुम्हाला आहे. त्याला हाक मारा ना! टोपणं काढ म्हणावं, आणि एकदा, फक्त एकदा, नीट ऐक.