अंधारात एकटा वाजलेला ढोल

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. लग्नाच्या बँडमध्ये सगळ्यांच्या मागे, माणसाच्या पोटावर पट्ट्याने अडकवून मिरवतात ना, तो मोठा ढोल. माझा आवाज दोन-तीन गल्ल्या ओलांडून जाई, म्हणून लोकांना वाटे की हा भलताच शूर असणार. खरं सांगू का? मी जन्माचा भित्रा आहे. पावसाला भितो, उंदराला भितो, नवरदेवाच्या घोड्याच्या मागच्या पायांना तर फारच भितो. पण ज्या भीतीची गोष्ट मी तुम्हांला सांगणार आहे, ती या सगळ्यांहून मोठी होती. ती माझी एकट्याची नव्हती.

माझा जन्म जबलपूरच्या मिलोनीगंजात झाला. नथ्थू नावाच्या कारागिराने सागाची पातळ फळी वळवून माझं अंग तयार केलं आणि दोन्ही तोंडांवर बकऱ्याचं कातडं चढवलं. दोऱ्या आवळताना माझा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. नथ्थूने मला उन्हात ठेवलं, थाप मारून पाहिली आणि हसून म्हणाला, "अच्छा बोलता है." एवढी तारीफ पुरे झाली. मी लगेच फुगलो.

मला विकत घेतलं ते त्याच शहरातल्या कांचघर वस्तीतल्या भय्यासाहेबांनी. ते तोफा आणि गोळे बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला होते आणि संध्याकाळी बँडचे मास्तर होते. क्लॅरिनेट वाजवत. त्यांच्या बँडमधले सगळेच कारखान्यातले कामगार. बहुतेक जण आपल्याच मराठी घरांतले, ज्यांचे वाडवडील नागपूर-भंडाऱ्याकडून नोकरीसाठी इथे येऊन राहिलेले. दिवसभर लोखंड ठोकायचं आणि लग्नसराईत लाल कोट चढवून मिरवायचं, असा त्यांचा संसार.

मला वाजवायचा तो तुळशीराम. तो घणाच्या खात्यात होता. तिथे तापलेल्या लोखंडावर यंत्राचा भलाथोरला घण पडत असे आणि जमीन हादरत असे. वर्षानुवर्षं त्या घणाशेजारी उभं राहून तुळशीरामचे कान गेले होते.

हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते त्याची बायको अंजनी हिला आणि मला. घरी ती त्याला हाक मारत नसे. जमिनीवर पाय आपटे, मग तो वळून बघे. शेजारणींना वाटे, बाई मोठी तापट आहे! मी कोपऱ्यात खुंटीला टांगलेला असे आणि सगळं बघत असे. एकदा अंजनी त्याच्या समोर बसून, ओठ ठळक हलवत म्हणाली, "डॉक्टरले दाखवा ना जी." तो एकदम दचकून म्हणाला, "चूप! कारखान्यात समजलं तर घरी बसवतील माले. मग खाऊ काय आपण?" त्या दिवसापासून त्याची भीती माझ्या लाकडात मुरली.

तुम्ही विचाराल, बहिरा माणूस बँडमध्ये वाजवत कसा होता? त्याचं उत्तर एका शब्दात आहे. तालीम.

भय्यासाहेबांची शिस्त मोठी कडक. कारखान्याचा संध्याकाळचा भोंगा झाला की हातपाय धुऊन सगळ्यांनी त्यांच्या अंगणात यायचं. आधी बसून वाजवायचं, मग उभं राहून आणि शेवटी अंगणाला फेऱ्या घालत चालत. बसून येणारं गाणं चालताना येईलच असं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तुळशीराम नेहमी त्यांच्या मागे उभा राही. गाणं संपत आलं की भय्यासाहेबांचा उजवा खांदा जरासा खाली येई. लय वाढवायची असली की मान पुढे जाई. तुळशीरामला त्यांची पाठ तोंडपाठ होती. शिवाय मी त्याच्या पोटाला टेकलेला असे. बाकीची वाद्यं वाजली की माझं कातडं बारीक थरथरे आणि ती थरथर त्याच्या पोटाला कळे. असा तो ऐकत असे. रोज सगळ्यांबरोबर बसल्यामुळे कोणाचा श्वास कुठे तुटतो, कोणाचं पाऊल कुठे अडखळतं, हे सारं त्याच्या अंगात भिनलं होतं. त्याचा ठोका कधी चुकला नाही. लोक म्हणत, ढोल असावा तर असा. मला अर्थातच गुदगुल्या होत.

बँडमध्ये मोहन नावाचा एक तरुण कामगार होता. ट्रंपेट छान वाजवायचा आणि तोंडही तितकंच चालवायचा. तो एके दिवशी म्हणाला, "भय्यासाहेब, तेच तेच गाणे इतक्या वर्षांपासून वाजवून राहिलो आपण. रोज रोज तालीम काहून पाहिजे? लग्नाच्या आदल्या दिवशी भेटलो तरी बहुत झालं."

भय्यासाहेबांनी क्लॅरिनेट पुसता पुसता विचारलं, "तुले गाणं येते, मान्य. पण तुले हा तुळशीराम येतो का?"

सगळे हसले. त्यांनी आपलं समोर दिसला त्याचं नाव घेतलं होतं, पण माझी तर दोऱ्यांसकट गाळण उडाली. तुळशीरामला काही ऐकू आलं नव्हतं. सगळे हसले म्हणून तोही हसला.

मग एकाहत्तर साल आलं आणि युद्धाची तयारी सुरू झाली. कारखाना रात्रंदिवस धडधडू लागला. कोणाची पहिली पाळी, कोणाची तिसरी, कोणाच्या डोक्यावर जादा काम. अंगणात यायला कोणाला फुरसत मिळेना. तालीम आधी आठवड्यावर गेली आणि मग पार बंदच पडली. मोहन म्हणाला, "चलो, गाणे कुठं पळून जात नाहीत." गाणी पळाली नाहीत, हे खरं. पण माणसं एकमेकांना विसरू लागली होती.

डिसेंबरात युद्ध पेटलं आणि रोज रात्री शहरभर ब्लॅकआऊट असे. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले. धोक्याचा भोंगा चढत-उतरत रडायला लागला की सगळे दिवे मालवायचे आणि जिथे असू तिथे गप्प बसायचं, असा हुकूम होता. तो भोंगा सरावाचा की खरा, हे कोणालाच कळत नसे. एवढ्या कारखान्यांचं शहर, शत्रू काय आपल्याला सोडणार आहे, असं लोक कुजबुजत. मी खुंटीवर टांगल्या टांगल्या थरथरत असे.

अशा दिवसांतही लग्नं थांबली नाहीत. चेरीताल भागातल्या एका लग्नाची सुपारी बँडने आधीच घेतली होती. वरात उजेडात पोचवायची असं ठरलं होतं, पण पाळी लांबली आणि निघायला सांज झाली. त्यात भय्यासाहेबांना कारखान्यातून सुट्टीच मिळाली नाही. पुढे उभा राहिला मोहन.

तुळशीरामने त्या पाठीकडे पाहिलं आणि माझा पट्टा घट्ट आवळून धरला. ही पाठ त्याला येत नव्हती! मोहनचा खांदा गाणं संपताना खाली जात नसे. तो नुसताच डुलत असे. कधी मान इकडे, कधी तिकडे. तुळशीराम घामाने भिजला. दोनदा त्याचा ठोका मागे पडला आणि मोहनने वळून डोळे वटारले.

चेरीतालच्या वळणावर वरात आली आणि धोक्याचा भोंगा झाला. तो आधी माझ्या कातड्याला कळला, पण आपलाच आवाज एवढा, की त्यात ती थरथर तुळशीरामला कळणार कशी? पुढचे सगळे वाजवायचे थांबले. त्याच क्षणी गल्लीतले दिवे गेले. मिट्ट काळोख झाला. तुळशीरामला पाठ दिसेना, खांदा दिसेना, माणूस दिसेना. त्याला वाटलं, दिवे गेले तरी बँड चालूच आहे. आता आपण थांबलो तर चोरी उघडी पडेल, या भीतीने तो आणखी जोरात वाजवू लागला.

मित्रांनो, त्या काळोखात मी एकटा वाजत होतो. धडाम, धडाम. मला थांबायचं होतं हो! पण ढोलाला कुठे थांबता येतं? दांडा पडला की ओरडावंच लागतं.

गल्लीतून कोणीतरी किंचाळलं, "बम गिरा! भागो!" एकच पळापळ झाली. बायका ओरडत होत्या, पोरं पायांखाली येता येता वाचत होती. घोडा उधळला आणि नवरदेव खाली पडला. मी आपला धडाम, धडाम.

शेवटी अंधारातून कोणाचे तरी दोन तळवे आले आणि माझ्या कातड्यावर घट्ट दाबून बसले. तो मोहन होता. माझा आवाज घशातच मेला. त्या शांततेत तुळशीराम, बहिरी माणसं बोलतात तसा, मोठ्याने ओरडला, "काय झालं? काहून थांबलं?"

सगळ्यांना सगळं कळून चुकलं होतं.

नवरदेवाचा हात मुरगळण्यावर निभावलं, ही देवाचीच कृपा. दुसऱ्या दिवशी भय्यासाहेबांच्या अंगणात सगळे जमले. तुळशीराम भिंतीशी मान खाली घालून बसला होता आणि मी त्याच्या पायाशी. मोहन तापला होता. "लेकरू मेलं असतं म्हणजे? इतके वर्ष आमच्यापासून लपवून राहिला हा! भय्यासाहेब, दुसरा ढोलवाला पाहा."

बँड सुटला की गोष्ट कारखान्यात पोचणार, आणि तिथून घरी बसायला कितीसा वेळ? तेवढ्यात दारातून अंजनी पुढे आली. गड्यांच्या बैठकीत ती कधी बोलली नव्हती. पण आज ती थांबली नाही.

"भैया, हे काही काल बहिरे नाही झाले. तुम्ही रोज बसत होते, तवा यांले कानाची गरजच नाही पडली. तुमच्या सगळ्यायच्या अंगावरून ऐकत होते हे. तुम्ही बसणं बंद केलं, अन् त्या दिवशी हे खरे बहिरे झाले."

भय्यासाहेब उठले आणि तुळशीरामच्या समोर उकिडवे बसले. ओठ ठळक हलवत म्हणाले, "कारखान्यात मी येतो तुझ्यासंग. लपवून नाही चालणार. अन् तालीम उद्यापासून."

मोहनने पायाने माती उकरली. मग हळूच म्हणाला, "पण अंधारात याले पाठ दिसणार कशी?" थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, "मी मागं राहतो याच्या. डावा हात पाठीवर ठेवीन. उचलला का थांबायचं."

मग पाळी सुटली की जे मोकळे असतील ते घरी जाण्याआधी थोडा वेळ बसू लागले. भय्यासाहेबांच्या खोलीच्या खिडकीला घोंगडी लावायची, दिवा मालवायचा आणि काळोखात वाजवायचं. मोहन एका हाताने ट्रंपेट धरी आणि दुसरा तळवा तुळशीरामच्या पाठीवर ठेवी. पहिल्यांदा सगळा विचका झाला. दुसऱ्यांदा तुळशीराम घाबरून मध्येच थांबला. मोहनच चिडायचा, मोहनच पुन्हा सुरू करायचा. हळूहळू त्या तळव्याचं वजन तुळशीरामला कळू लागलं. तोंड चालवणाऱ्या मोहनला त्या पाठीचा घाम कळू लागला.

युद्ध संपण्याच्या आतच कांचघरला एक वरात लागली. पुन्हा सांज, पुन्हा तो रडका भोंगा, पुन्हा मिट्ट काळोख. मी भीतीने गारठलो. पाठीवरचा तळवा उचलला गेला. वर गेलेला दांडा माझ्यापर्यंत आलाच नाही! सगळा बँड एकदम, जणू एकाच माणसाने ओठ मिटावेत तसा, थांबला. घोडासुद्धा जागचा हलला नाही. लोक गुपचूप भिंतींना टेकून उभे राहिले. धोका टळल्याचा भोंगा झाला, तळवा पुन्हा पाठीवर आला आणि सगळे एकाच ठोक्यावर सुरू झाले. तुळशीराम रडत होता. त्याची आसवं माझ्या कातड्यावर पडत होती. कातड्याला ओल बाधते, पण मी कुरकुरलो नाही.

कारखान्याने त्याला घरी बसवलं नाही. डॉक्टरांनी तपासलं आणि घणाच्या खात्यातून काढून गोळे भरायचे पेटारे रंगवण्याच्या कामाला लावलं. इतकी वर्षं ज्या गोष्टीला भ्यालो, ती अशी निघाली!

आता तुळशीराम नाही, भय्यासाहेबही नाहीत. मी मोहनच्या घरच्या माळ्यावर पडून आहे. एका बाजूचं कातडं फाटलं आहे, दोऱ्या सैल झाल्या आहेत. पोरं कधी वर येतात, थापा मारतात आणि धूळ उडाली की शिंकत पळतात. मला पुसून, उन्हात ठेवून, नवं कातडं चढवलंत तर मी अजून बोलेन. वाद्याची काळजी घ्या, हे तर मी सांगणारच.

पण त्याहून मोठं मागणं आहे. तुम्ही गायलात, वाजवलंत, नाटक केलंत, तर कार्यक्रम जवळ आल्यावरच भेटू असं म्हणू नका. किती वेळा बसायचं, असं मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, गाण्यासाठी आठवड्यातून एकदा पुरे, माणसांसाठी रोज. आपल्या शेजारी उभ्या असलेल्याला काय ऐकू येत नाही, हे भर वरातीत, अंधारात कळून उपयोग नसतो मित्रांनो. ते अंगणात, उजेड आहे तोवर कळू द्या.