निळ्या दारापर्यंत

कुंटेसरांना जाऊन चौदा महिने झाले होते आणि ते फ्रान्समधल्या सांत-ओरेल नावाच्या गावात, चढावरच्या गल्लीच्या टोकाला, निळ्या दाराआड खोकत होते. विमलताईंनी खोकला लगेच ओळखला. एकेचाळीस वर्षं ऐकलेला खोकला, त्यात चूक कसली व्हायची? आधी दोन कोरडे, मग एक लांबलचक, आणि शेवटी खोकल्यावरच वैतागल्यासारखं 'हं'.

ते इथे कसे, याचं विमलताईंना नवल वाटलं नाही. रागच आला. कऱ्हाडच्या घरात, स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीवर, एक जुनं कॅलेंडर होतं. तारखा कधीच्या फाटून गेल्या, चित्र तेवढं राहिलं: दगडी घरं, चढती गल्ली, टोकाला निळं दार. सर चित्रकलेचे मास्तर. शाळेतून आले की चहाचा कप घेऊन त्या चित्रासमोर बसायचे. "तिथे काय ठेवलंय मेलं?" विमलताई विचारायच्या. "दार," सर म्हणायचे. पुढे काय बोलणार, कपाळ! माणूस घरात असायचा आणि नसायचाही. तो जिवंत असतानाच विमलताईंना त्याची आठवण येऊन जीव कासावीस व्हायचा.

शेवटच्या सकाळीही सर चित्रासमोरच बसले होते. तिथूनच त्यांनी हाक मारली, "अगं, ऐक." कढईत मोहरी तडतडत होती. "आलेच," विमलताई पाठमोऱ्याच म्हणाल्या. दोन मिनिटांनी हात पुसत बाहेर आल्या, तर सांगणारं कुणी उरलं नव्हतं. काय सांगायचं होतं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. लेकीनं सहलीत त्यांचं नाव घातलं ते जरा बदल म्हणून. त्या आल्या त्या मात्र या एका प्रश्नासाठी.

"काकू, दोन तास आहेत," सहलीबरोबरचा केळुसकर म्हणाला. "चर्च बघा, बेकरीतलं काहीतरी खा. पाच वाजता चौकात बस. उशीर नको हं."

विमलताई साडी सावरत गल्ली चढू लागल्या. अंगात सरांचा राखाडी स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट. अर्धा तास चालल्या. घरं मागे पडत गेली, दार मात्र होतं तेवढंच लांब. शेवटी त्या एका पायरीवर टेकल्या, तेव्हा वरून एक एप्रनवाली म्हातारी फडक्यानं झाकलेला वाडगा घेऊन उतरली.

"मी मादाम ओदेत," ती म्हणाली. "निळ्या दारातल्या गृहस्थांनी हे पाठवलंय." ती बोलत होती फ्रेंच, पण विमलताईंना ते शेजारच्या जोशीणबाईंच्या बोलण्याइतकं स्वच्छ कळत होतं.

वाडग्यात शिरा होता. खाली लागलेला. सरांना तेवढा एकच पदार्थ यायचा, आणि तोही दर वेळी असाच. विमलताईंनी तो रडत रडत खाल्ला, करपलेला भागसुद्धा खरवडून.

"वाडगा द्या, परत न्यायचाय."

आता शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे विमलताईंच्या आईनं त्यांच्या अंगी इतकं भिनवलं होतं, की परदेशातसुद्धा हात आपोआप पिशवीत गेला. त्यांनी वाडगाभर चिवडा ओतला. मादाम वर गेली, आणि निळं दार चार घरं जवळ आलं. विमलताईंनी मागे वळून पाहिलं. चौक चार घरं लांब गेला होता. बस काडेपेटीएवढी दिसत होती.

थोड्या वेळानं वाडगा अक्रोड घेऊन आला.

"तुमच्यातही रिकामं देत नाहीत वाटतं?"

"कोण देतं?" मादाम म्हणाली.

अक्रोड पिशवीत गेले. चिवडा संपला होता, म्हणून विमलताईंनी स्वेटर काढला, नीट घडी घातली आणि वाडग्यात ठेवला. तो द्यायला जिवावर आलं. त्याला अजून थोडा सरांचा वास होता. पण त्यांनी दिला. दार इतकं जवळ आलं की त्याच्या रंगाचे पोपडे दिसू लागले. मागे आता चर्चचं टोक तेवढं उरलं होतं.

फोन वाजला. "काकू, कुठे आहात?" केळुसकर ओरडत होता.

"गल्लीतच आहे रे."

"कुठल्या गल्लीत? इथून एकही गल्ली निघत नाही!"

"तुम्ही व्हा पुढे," विमलताई म्हणाल्या. फोन बंद झाला आणि बंदच राहिला.

तिसऱ्यांदा वाडग्यात मूठभर मोहरी आली. विमलताईंनी ती पदराच्या टोकाला बांधली. पिशवीत आता अक्रोड होते, पण ज्यांचे त्यांनाच कसे परत द्यायचे? शोभतं का ते? उरला पासपोर्ट आणि कऱ्हाडच्या घराची किल्ली. पासपोर्ट सरांच्या काय कामाचा? त्यांनी किल्ली उचलली. किल्ली वाडग्यात पडल्याचा आवाज झाला, आणि त्यांच्या पाठीला गार दगडी भिंत टेकली. मागे जायला जागा उरली नाही.

"आता तुम्हीच द्या," मादाम म्हणाली आणि वाडगा त्यांच्या हातात ठेवून शेजारच्या घरात निघून गेली.

निळं दार आता समोरच होतं, नुसतं लोटलेलं. आत एकच खोली. राखाडी स्वेटर घालून सर पाठमोरे बसले होते, हातात चहाचा कप. समोरच्या भिंतीवर तारखा फाटून गेलेलं कॅलेंडर. चित्रात कऱ्हाडचं स्वयंपाकघर होतं, आणि गॅसपाशी पाठमोरी उभी असलेली एक बाई.

"अगं, ऐक," सर चित्राला म्हणाले.

विमलताई उंबऱ्यावर आल्या. "ऐकतेय ना! बोला, मी इथे आहे."

सरांनी मान वळवली नाही. नुसता एक हात वर केला.

"आलोच," ते म्हणाले, आणि चित्राकडे बघत राहिले.

विमलताई उंबऱ्यातच थांबल्या. वाडग्यात किल्ली वाजत होती. चित्रातल्या बाईनं गॅस बारीक केला आणि ती पदराला हात पुसू लागली.