पावसाची बाजू

"मावळतीला भिंत नाय म्हंजे? खिडकी मोठी ठेवलीस तर समजू शकते गो बाय, पन भिंतच नाय?"

बाईजाने कमरेवर हात ठेवून विचारलं. नव्या शाळेचा पुठ्ठ्याचा नमुना ओट्यावर मांडला होता आणि सगळा पाडा भोवती जमला होता. बाईजा शाळेत खिचडी शिजवते, तिची नात भूमिका तिसरीत. शेणवे गावाच्या अलीकडचा हा पाडा. घरं तीस, शाळेत पोरं अकरा. जुनी शाळा गेल्या साली बसली. बसली म्हणजे खरोखरच बसली, छपरासकट. रविवार होता म्हणून पोरं वाचली.

"आजी, भिंत हवीच कशाला?" प्रियांका मॅडम गोड हसल्या. त्या मुंबईच्या, इमारतींचे नकाशे काढणाऱ्या. "मुलं समोरचा डोंगर बघत शिकतील. पाऊस अनुभवतील. निसर्गाशी नातं जोडतील."

"अगो, आवणीला आमची पोरं गुडघाभर चिखलात असतात. आनखी काय नातं जोडायचं ऱ्हायलंय? ती पावसाची बाजू हाय. झड तिकडनंच येते. आमी घरांना त्या अंगाला पेंढ्याच्या ताट्या बांधतो, आन तू तीच उघडी टाकतेस?"

"बाईजे, गप ऱ्हा!" सरपंच साईनाथ खेकसला. "म्याडम परदेशात शिकून आल्यात."

"तिथं पाऊस उगवतीकडून येत आसंल."

लोक हसले. पण फुकट मिळणाऱ्या शाळेला भिंत मागायची कशी, म्हणून सगळे माना डोलवत राहिले.

खोटं कशाला बोला, चैत्रात शाळा देखणी दिसली. मधल्या चौकात मोहाचं झाड जसंच्या तसं राखलं होतं, बसायला दगडी पायऱ्या होत्या, आणि समोर आख्खा डोंगर. वारा असा यायचा की ज्ञानेश्वर गुरुजींना पाढे घेता घेता डुलकी लागायची. बाईजालाही वाटलं, आपणच उगाच तोंड चालवलं.

मग आषाढ आला. झड अशी आत घुसली की फळ्यावरचं 'आजचा सुविचार' धुऊन गेलं, वह्यांचा लगदा झाला. गुरुजी छत्री धरून शिकवू लागले. शेवटी अकराच्या अकरा पोरं बाईजाच्या खिचडीच्या खोलीत, चुलीला पाठ लावून. धुराने डोळे चुरचुरायला लागले तशी आईबाप पोरं घरीच ठेवू लागले. अकराची सात झाली.

 तालुक्याच्या साहेबांनी आधीच बजावलं होतं, भादव्यात मोजायला येईन, दहापेक्षा कमी पोरं दिसली तर शाळा बंद. मग भूमिकाने शेणव्याच्या शाळेत जायचं, आणि मधे ओढा. पावसात त्या ओढ्याने दर साली कुणाचं ना कुणाचं ढोर नेलेलं. आठ वर्षांच्या पोरीला तिथून रोज धाडायचं? बाईजाला घास गोड लागेना.

तिने कोणाला विचारलं नाही. गेल्या सालच्या कारवीच्या काठ्या काढल्या, त्यांवर पेंढा अंथरला, सुंभाने आवळला आणि चार दिवसांत सात ताट्या उभ्या केल्या. मावळतीची बाजू बंद. शाळा कोरडी झाली, पोरं परत आली.

श्रावणात साईनाथ धावत आला. "बाईजे, उद्या चांगल्या इमारतींचे बक्षीसवाले येतात शाळा बघाया! ह्या ताट्या काढ. डोंगर दिसत नाय!"

"डोंगर कुठं पळून चाललाय? आन पोरं कुठं बसवू, तुझ्या डोक्यावर?"

"एका दिसाचा तर प्रश्न हाय!"

त्याने माणसं लावून ताट्या काढल्या आणि स्वतःच्या गोठ्यामागे टाकल्या. बक्षीसवाले आले. ऊन पडलेलं होतं. पोरांना डोंगराकडे बघायला लावून फोटो काढले. तेवढ्यात झड आली आणि पाहुणे बूट हातात घेऊन खिचडीच्या खोलीत पळाले. धुराने सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी. "किती जिवंत अनुभव!" त्यातला एक नाक पुसत म्हणाला. बक्षीस तिथेच पक्कं झालं.

बाईजा ताट्या आणायला गेली, तर काठ्याच शिल्लक होत्या. पेंढा साईनाथच्या म्हशींनी खाल्ला होता. नवा पेंढा भात झोडल्याशिवाय कुठला? पोरं पुन्हा सात झाली. भादवा लागला, तालुक्याचे साहेब सोमवारी यायचे होते.

शनिवारी बसथांब्यावर फ्लेक्स लागला. वीस फूट लांब. 'निसर्गाशी नातं जोडणारी शाळा, हार्दिक अभिनंदन!' एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला साईनाथ, काळा चष्मा लावून. बाईजाने फ्लेक्स पावलांनी मोजला. मग तिने हात लावून बघितला. जाड होता.

रविवारी भरदुपारी तिने गुरुजींना शिडी धरायला लावली.

सोमवारी झड सुरूच होती. साहेब भिजत आले आणि आत पोरं कोरडी बसलेली. त्यांनी मोजली. अकरा. पुन्हा मोजली, तरी अकराच. "छान," म्हणाले, सही केली आणि गेले. बाईजाने पदराने डोळे टिपले आणि तो धूर नव्हता.

मागोमाग साईनाथ आला, लालबुंद. मावळतीच्या उघड्या बाजूवर त्याचा फ्लेक्स ताणून बांधला होता, तोंडं बाहेर. झड थेट त्याच्या चष्म्यावर आपटत होती.

"बाईजे! निदान तोंड तरी आत कर माझं!"

"नाय जमायचं. आतली बाजू कोरी हाय, गुरुजींनी तिच्यावर पाढे लिवलेत." बाईजाने खिचडीत डाव फिरवला. "आन तू ऱ्हा तिथंच. निसर्गाशी नातं जोडायचं व्हतं ना? जोड आता."