खाली बादली ठेवा

मिस्तरी सिंकखाली आडवे झाले होते. पाय स्वयंपाकघरात, डोकं कपाटात, उजव्या हातात पाना आणि डाव्या हातात वर्तमानपत्राचं कात्रण. पाना उलटा धरला होता, हे त्यांना माहीत नव्हतं. कात्रण मात्र सुलटं होतं, कारण ते त्यांनी स्वतः लिहिलेलं होतं.

"तुंबलेलं सिंक हे रुसलेल्या जावयासारखं असतं," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "वरून कितीही गरम पाणी ओता, आतली अढी निघत नाही. तेव्हा सरळ मुळालाच हात घाला. सिंकखाली पाइपाला बाटलीच्या आकाराचा एक भाग असतो. तो फिरवून उघडा."

वाक्यं झकास होती. सात वर्षांपूर्वी छापून आली तेव्हा वाचकांची कौतुकाची पत्रं आली होती. एका जावयाचंही आलं होतं, पण ते कौतुकाचं नव्हतं.

मिस्तरींनी बाटली फिरवली. हलली नाही. पाना बाजूला टाकून त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला. तीही रुसलीच होती, पण एकाएकी तिनं हट्ट सोडला. बाटली त्यांच्या हातात आली आणि तिच्यामागोमाग दोन दिवसांचं साठलेलं पाणी त्यांच्या छातीवर, गळ्यात, कात्रणावर आणि तिथून फरशीभर झालं.

हे कात्रणात लिहिलेलं नव्हतं.

पाचेक मिनिटांनी दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई उभ्या होत्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी दारात उभं राहण्याची त्यांची पद्धत वर्गाच्या दारातली होती.

"मिस्तरी, तुमचं सिंक आमच्या ओट्यावर उतरलंय."

"काम चाललंय," मिस्तरी म्हणाले. त्यांच्या कोपरातून पाणी ठिबकत होतं.

"ते दिसतंय. खाली बादली नव्हती ठेवली?"

मिस्तरींनी ओलं कात्रण पाठीमागे धरलं.

"मी आयुष्यभर भूगोल शिकवला. पाणी वरून खाली येतं एवढं मलासुद्धा कळतं. आणि तुम्ही तर मिस्तरी!"

"दिव्याखाली अंधार म्हणायचं, बाई."

"अंधार असता तर चाललं असतं. माझ्या पिठाच्या डब्यात पाणी गेलंय."

असं म्हणत त्या आत आल्या, न्हाणीतून स्वतःच बादली उचलून आणली आणि उघड्या पाइपाखाली सरकवली. मग जुनं फडकं शोधून मिस्तरींच्या हातात दिलं. शिक्षा देतानाही वही-पेन्सिल आपणच पुरवायची, ही त्यांची जुनी सवय.

"वहिनी होत्या तोवर वरून कधी थेंब आला नाही," त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या. "आमच्या न्हाणीतला नळ त्यांनीच बसवलाय ना. तासभर पान्याशी झटत होत्या. मी म्हटलं, अहो, हे कुठं शिकलात? तर म्हणाल्या, ‘मला काय कळतंय यातलं? ह्यांनी सांगितलंय तसं करतेय.’"

मिस्तरींनी फरशी पुसायला घेतली. जिथं ती कोरडी होती, तिथं.

खरी गोष्ट उलटी होती, आणि ती जगात दोघांनाच ठाऊक होती. नऊ आठवड्यांपूर्वी त्यांतलं एक माणूस कमी झालं.

‘मिस्तरींना विचारा’ हे सदर बावीस वर्षं चाललं होतं. सदराच्या डोक्यावर एक चित्र छापून यायचं: झुपकेदार मिशांचा, कानावर पेन्सिल खोचलेला, खांद्यावर करवत टाकलेला गडी. मिस्तरींना मिशा नव्हत्या. करवतही नव्हती. पेन्सिल तेवढी होती, तीही लाल, कारण ते मूळचे वर्तमानपत्रातले मुद्रितशोधक. घरदुरुस्तीवर लिहिणारा माणूस अचानक सोडून गेला, तेव्हा संपादकांनी ‘तुम्ही विनोदी बोलता, तुम्हीच लिहा’ असं म्हणून वाचकांच्या पत्रांचा गठ्ठा त्यांच्या अंगावर टाकला. खिळ्याला डोकं कुठल्या बाजूला असतं एवढंच ज्ञान असलेल्या माणसानं तो घरी आणला आणि गंमत म्हणून पहिलं पत्र बायकोला वाचून दाखवलं.

बायको सुताराची लेक. भाजी चिरता चिरता, मान वर न करता तिनं उत्तर सांगून टाकलं.

तेव्हापासून दर मंगळवारी सकाळी तेच. ती ओट्याशी उभी राहून सांगायची, ते वहीत शब्दन् शब्द उतरवायचे, आणि मग लाल पेन्सिल निघायची. सदराला जागा चाळीस ओळींची. सहा ओळी मिशा खायच्या. दहा-बारा ओळी मिस्तरींच्या कोट्यांना लागायच्या. आपला विनोद आपल्या हातानं कापायला जे काळीज लागतं ते मिस्तरींकडे नव्हतं, त्यामुळे काट बसायची ती तिच्या वाक्यांना.

"खाली बादली ठेवा, हे का हो काढलंत?" सात वर्षांपूर्वी तिनं छापलेला अंक बघून विचारलं होतं.

"अगं, एवढं कुणालाही कळतं."

"तुम्हाला कळलं असतं?"

त्यावर ते मनापासून हसले होते. ती कोटी त्यांनी पुढच्याच आठवड्यात स्वतःच्या नावावर खपवलीही होती.

आता ती नव्हती आणि सदर चालू होतं. घरात तेवीस वह्या होत्या. मिस्तरी त्यांतलं जुनं उत्तर काढत, त्याला नवा विनोद चिकटवत आणि पाठवून देत. कचेरीत कुणाला पत्ता नव्हता. पकडलं जाण्याची त्यांना भीती होतीच, पण ती वरवरची. आतली भीती निराळी होती. सदर बंद झालं, तर मंगळवारी वही उघडायचं काही कारण उरणार नव्हतं. आणि त्या वह्यांखेरीज या घरात ती दुसरीकडे कुठे बोलत नव्हती.

मास्तरीणबाई गेल्यावर त्यांनी बाटली रद्दीच्या कागदावर उपडी केली.

सिंक महिनाभर हळूहळू तुंबत होतं. पाणी उतरायला आधी मिनिट लागायचं, मग पाच, मग तास. तरी त्यांनी हात लावला नव्हता. आतमध्ये तिचं काहीतरी अडकलेलं असेल, असं त्यांना वाटत होतं. काय ते सांगता आलं नसतं. एखादं बटण, एखादी सुई, काहीही. कुणी ऐकलं असतं तर हसलं असतं, म्हणून ते स्वतःशीसुद्धा स्पष्ट बोलले नव्हते.

कागदावर काळा, गच्च बसलेला गोळा पडला. त्यांनी बोटानं तो फोडला, पसरला, खाली वाकून पाहिलं. चहाची पत्ती. वरपासून खालपर्यंत नुसती चहाची पत्ती. ‘पत्ती सिंकमध्ये नाही, कुंडीत,’ हे तिनं त्यांना संसारभर सांगितलं होतं, आणि ती असेपर्यंत ते कुंडीत टाकतही होते.

तिचं त्यात काही नव्हतं. सगळा गाळ नऊ आठवड्यांचा होता.

फोन वाजला. वर्तमानपत्रातली उपसंपादक मुलगी होती. तिला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं, आणि आवाजात कायम पान अडल्याची घाई असे.

"सर, उत्तर आलं नाही अजून. दुपारी पान लावायचंय."

"पत्र कुठलं आहे?"

"पाठवलं होतं की! वाचते. वय अठ्ठावन्न, हल्लीच निवृत्त झालोय, घरच्या घरी फळ्या कापून पुस्तकांसाठी मांडणी करायचीय. विजेची करवत घ्यायची तर गोल पात्याची घेऊ की बारीक उभ्या पात्याची, जिगसॉ? संपलं." ती जरा थांबली. "आणि सर, एक सांगू? रागावू नका. थोडं हसवा की. गेले काही आठवडे जरा..."

"जरा काय?"

"मिशा तुमच्या, पण आवाज दुसऱ्याचा, असं संपादक म्हणाले."

"बघतो," मिस्तरी म्हणाले.

करवतीचा प्रश्न पूर्वी येऊन गेल्याचं त्यांना आठवत होतं. हात पुसून ते वह्यांपाशी बसले. शेवटून दुसऱ्या वहीत, दोन वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी, पान सापडलं. अक्षर त्यांचं, बोलणं तिचं.

‘लांब आणि सरळ कापायचं तर गोल पात्याची. वळणं घ्यायची तर जिगसॉ. पुस्तकांच्या फळ्यांना वळणं नसतात, तरी नवख्यानं जिगसॉच घ्यावी. सावकाश चालते, माणसाला विचार करायला वेळ देते. आधी फळीवर रेघ ओढा. पातं रेघेवरून नाही, रेघेच्या बाहेरून न्या. जास्त राहिलं तर पुन्हा कापता येतं, कमी झालेलं जोडता येत नाही. दुकानात करवत हातात घ्या, बंदच ठेवा, आणि शंभर आकडे मोजा.’

त्याखालच्या तीन ओळींवर लाल रेघ होती. जुनी, पट्टीनं मारावी तशी सरळ. मिस्तरींनी चष्मा पुसला आणि रेघेखालचं वाचलं.

‘मोजता मोजता मनगट थरथरलं तर हलकी करवत घ्या. थरथर महिनाभर राहिली, कप बशीवर वाजायला लागला, तर करवत राहू द्या. आधी डॉक्टरकडे जा.’

समासात त्यांच्याच लाल अक्षरात शेरा होता: ‘विषय सोडून.’ आणि त्या तीन ओळींच्या जागी घातलेली कोटी शेजारी लिहिलेली होती: ‘करवत काय आणि बायको काय, घरी आणण्याआधी आवाज ऐकून घ्यावा.’

त्या आठवड्यात सदराला कधी नव्हे इतकी पत्रं आली होती.

ती सकाळ त्यांना आता नीट आठवली. तिनं ते सांगितलं आणि सुरी थांबली होती. पुढचं वाक्य जुळवतेय, असं समजून ते पेन्सिल धरून बसले होते. तिनं मान वर केली होती. सांगताना ती कधी मान वर करत नसे.

"हे विषय सोडून जातंय गं," ते म्हणाले होते.

"जातंय का?"

"करवतीत डॉक्टर कुठून आला?"

तिनं मान पुन्हा खाली घातली. मग म्हणाली, "मग काढा."

आणि सुरी पुन्हा चालू झाली होती. सावकाश.

त्यानंतर नऊ महिन्यांनी डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, "हाताची ही थरथर कधीपासून?" तिच्या वतीनं उत्तर द्यायची मिस्तरींना सवयच होती. ते म्हणाले, "झाला असेल महिना-दीड महिना." डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. ती पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत होती.

"हो," ती म्हणाली. "तेवढाच."

त्यांचं वाक्य तिनं कधी कापलं नाही.

मिस्तरींचा ओला सदरा अंगावरच वाळत आला. मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि उत्तर उतरवून काढलं. पहिल्या शब्दापासून ‘आधी डॉक्टरकडे जा’पर्यंत, मधलं काही न गाळता. स्वतःचं काही घातलं नाही. शेवटी एक ओळ वाढवली: ‘सिंकखालची बाटली उघडताना आधी खाली बादली ठेवा. हे सात वर्षांपूर्वी सांगायचं राहून गेलं.’ कागदाचा फोटो काढून त्यांनी तो पाठवून दिला आणि बाटली बसवायला सिंकखाली गेले. बसवून झाल्यावर रबराची एक चकती हातात उरली. ती कुठली, ते कळेना. पाइप ठिबकत होता. त्यांनी बादली होती तिथेच राहू दिली.

तासाभरानं फोन आला.

"सर, सहा ओळी जास्त होतायत. आणि ते बादलीचं मला काही समजलं नाही. करवतीत बादली कुठून आली?"

"असू दे ती."

"बरं, ठेवते. मग ही डॉक्टरची ओळ काढू? तशीही विषय सोडूनच आहे."

बादलीत थेंब पडला.

"नको," मिस्तरी म्हणाले.

"मग काय काढू, सर? विनोद काढावा म्हटलं, तर तो यात नाहीच."

"वरचं चित्र काढा."

"मिशा?"

"मिशा, पेन्सिल, करवत, सगळं. बरोबर सहा ओळी निघतील."

मग तिनं जपून विचारलं, "चित्र नाही म्हणजे खाली नाव टाकावं लागेल. उत्तर कुणाचं म्हणून देऊ?"

मिस्तरींनी नाव सांगितलं. आडनावासकट, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. हे नाव त्यांनी शेवटचं उच्चारलं होतं ते इस्पितळाच्या खिडकीपाशी, फॉर्म भरताना. घरात तर ते कधी घ्यायची वेळच आली नव्हती; ‘अगं’वर भागत होतं. मुलीनं ते लिहून घेतलं, परत वाचून दाखवलं. बरोबर होतं.

"पण सर," ती म्हणाली, "ह्या कोण?"

थेंबांच्या मधलं अंतर आता जरा वाढलं होतं. पुढचा पडेपर्यंत ते थांबले.

"मिस्तरी," ते म्हणाले.