माझी सैल तार

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. माझं बोलणं कुणी ऐकावं एवढा मी मोठा नाही. तरी ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

नांदूरघाटच्या दस्तगीर मिस्त्रींनी मला मोडक्या कूलरच्या जाळीतून घडवलं. त्यांच्या मुलीनं, आरजूनं, हॅमस्टर, म्हणजे मुठीएवढा उंदीर, पाळला होता. त्याचं नाव भुऱ्या. लोक माझं कौतुक करत, पण घाईत माझी एक तार सैल राहिली होती. तिची मला सारखी धास्ती वाटे.

आरजूची आई रहिमाबी फळं विकते. एका दुपारी आरजू सीताफळ खाऊन तशीच आली आणि तिनं सैल तारेतून बोट आत घातलं. झोपलेला भुऱ्या दचकला. बोटाला गोड वास! त्यानं दात रोवले.

भुऱ्याला घराबाहेर काढतील, म्हणून आरजू ओरडली नाही. दादीच्या पानाच्या डब्यातला चुना लावून तिनं चिंधी बांधली. दोन दिवस ती बोट लपवत होती आणि मी नुसता बघत होतो. तिसऱ्या दिवशी बोट सुजून लालबुंद झालं, मग ते लपेना.

"सोडून द्या त्याला शिवारात!" रहिमाबी कडाडली.

"अम्मी, मांजर खाईल त्याला!"

"अन् तुझं बोट गेलं मंजी?"

साप चावला की साप दवाखान्यात दाखवायला नेतात, तसं मिस्त्रींनी आम्हालाही सोबत घेतलं. वाटेत माझी तारन् तार थरथरत होती. भुऱ्या परत घरी येईल का?

"आवं मिस्त्री, हा काय नाग हाय का?" सुंदरबाई नर्स हसल्या. त्यांनी चुना काढला, साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम धुतली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं.

सुंदरबाईंनी आरजूला विचारलं, "चुना कावून लावला गं? चावलं की आधी साबन अन् पानी, मंग लगेच घरी सांगायचं. हाताला काय होतं?"

"सीताफळ."

"मंग? त्याला वाटलं, खाऊच आला!"

 मग रहिमाबीनंच मला उचललं. "चल बे भुऱ्या, घरी."

मिस्त्रींनी पकडीनं माझी तार आवळली. आता आरजू हात धुऊन येते, भुऱ्याला हाक मारून जागं करते आणि माझ्या दारात उघडा तळवा धरते. तरी दर वेळी माझा जीव वरखाली होतो.

मित्रांनो, पाळलेला जीव चावला तर लपवू नका. भुऱ्याला सांगता आलं नाही, मलाही नाही. तुम्हाला येतं ना?