कळपाचे औषध

केरबांचा दहावा होऊन आठवडा लोटला, तरी त्यांच्या मुलाला, अंगदला, रडू आले नव्हते. त्याचे नवलही त्याला वाटत नव्हते. वाळूजच्या औषध कारखान्यात तो गोळ्यांची तपासणी करी. सकाळी जाई, नमुने विरघळवी, परत येई. घर पडेगावच्या पुढे होते. तिथे प्लॉट पडले होते, पण नळ पोहोचले नव्हते. दुष्काळामुळे टँकरचे पाणीही मचूळ येई.

रविवारी दुपारी जेवणे आटोपत आली होती. देवगाव रंगारीहून आलेला चुलता पुंडलिक अजून मुक्कामी होता. अंगदच्या आईने, राजाबाईने, फडताळातून वाटी काढली आणि पित्ताची एक कॅप्सूल दिराच्या तळहातावर ठेवली.

"वहिनी, मला बी मेंढरात धरलं का काय?"

"घ्या गपचूप. ह्या पाण्यानं माझ्या पोटात आग पडती, तर तुमच्या पोटात काय बर्फ पडंल व्हय?"

घराण्यात पिढ्यान् पिढ्या मेंढरे होती. एक जनावर हगवणीला लागले की औषध साऱ्या कळपाला पाजायचे, कारण पाणवठा एकच. हा तिथला शिरस्ता. त्यात काही खुळेपणा नव्हता. मागच्या दुष्काळात मेंढरे विकली गेली, शिरस्ता मात्र राजाबाईबरोबर शहरात आला.

अंगदचा घास हातातच राहिला. "आबांना बी देत होतीस?"

"रोज. तू कारखान्यात जेवतोस, म्हणून तेवढा सुटलास."

केरबांच्या, म्हणजे आबांच्या, हृदयात स्टेंट बसवला होता, आणि त्यात गुठळी होऊन ते गेले. रक्त पातळ करणारी गोळी त्यांनी एक दिवसही चुकवली नव्हती. दुसरे काही औषध घेता का, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा त्यांनी नाही म्हटले होते, आणि ते खोटे बोलले नव्हते. पित्ताची गोळी त्यांच्या लेखी औषधात मोडतच नव्हती.

अंगदने वाटीतली कॅप्सूलची पट्टी उलटवून नाव वाचले. ओमेप्राझोल. आबांची गोळी क्लोपिडोग्रेल. ती पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते; यकृतातले एक एन्झाइम तिला कामाला लावते, आणि ओमेप्राझोल नेमके तेच एन्झाइम अडवते. इथपर्यंत शास्त्र स्पष्ट होते. पुढचे नव्हते. दोन्ही गोळ्या घेऊन धडधाकट राहिलेली माणसे होती, आणि पित्ताची गोळी न घेताही स्टेंट बंद पडत. एका मृत्यूवरून काहीच सिद्ध होत नाही. गप्प बसायला एवढे कारण पुरेसे होते.

पण पुंडलिकला याच उन्हाळ्यात स्टेंट बसला होता, आणि गोळीही तीच होती. कॅप्सूल जुनी झाली आहे असे सांगावे, तर आई उद्या औरंगपुऱ्यातून नवी पट्टी आणणार.

"तात्या, ती खाली ठेवा."

"का रे?"

"हिच्यामुळं तुमची रक्त पातळ करायची गोळी पुरती लागू पडत नाय. डॉक्टरला विचारून पित्ताची दुसरी घेऊ."

पुंडलिकने कॅप्सूल वाटीत टाकली आणि पाण्याचा तांब्या उगाच सरळ केला. राजाबाई वाटीकडे बघत राहिली.

"मंग त्यांना मीच..."

"माहीत नाय, आई. झालं बी असंल, नसंल बी. कुणालाच सांगता यायचं नाय."

"तू इथं जेवत असतास, तर देऊ दिली असतीस?"

"नसती."

तिने मान डोलावली, बाजारात पडेल भावाला नाइलाजाने डोलवावी तशी. बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. पुंडलिक हंडे घेऊन उठला. अंगदने पाइप उचलला. आपल्याला काहीतरी वाटायला हवे, हे त्याच्या लक्षात आले. पण वाटले एवढेच, की पाइपला गळती आहे.

"मला चालती का ही?" तिने मागून विचारले.

"तुला चालती."

राजाबाईने एक कॅप्सूल गिळली, वर मचूळ पाणी प्याली आणि वाटी झाकून ठेवली. इतक्या वर्षांत एकटीने औषध घेण्याची तिची ही पहिलीच वेळ.