काजळीभोवतीचं पिवळं

भैय्याजींच्या छापखान्यात माफीचा रंग पिवळा होता.

हा छापखाना लकडगंजात, लाकडाच्या वखारींच्या मागे. तिथून दर महिन्याला मेघदंडाची एक चित्रकथा निघायची आणि पोरं तिच्यावर तुटून पडायची. मेघदंड आभाळातून उडायचा, हातातल्या दंडाने वीज पाडायचा, आणि दर अंकात त्याच्या हातून काही ना काही मोडायचं. कुणाचं घर, कुणाचा पूल, कधी कुणाची मानसुद्धा. शेवटच्या पानावर मात्र तो दोन्ही हात वर करून मधोमध उभा राही आणि त्याच्याभोवती पिवळं वलय येई. वलय आलं की झालं गेलं सगळं माफ. "अक्षर न येणाऱ्या पोट्ट्यालेही समजलं पाहिजे," भैय्याजी म्हणत, "कोण आपला आन् कोण परका." मेघदंड सोडून दुसऱ्या कुणाच्या नशिबी ते पिवळं कधी आलं नव्हतं.

चित्रं मधुसूदन पेंटर काढून पाठवायचा. त्यांत रंग भरायची प्रेमिला. हे काम आधी तिच्या थोरल्या बहिणीचं, अंजनाचं होतं. चित्रावर वाटी उपडी ठेवून तिच्या कडेने कुंचला फिरवला की वलय कसं एका दमात गोल येतं, हे अंजनानेच तिला शिकवलं होतं. मग अंजना एका कंपाउंडरचा हात धरून निघून गेली. त्याची पहिली बायको जिवंत निघाली, तशी ही परत आली. बापाने दार उघडलं नाही. तेव्हापासून ती मौद्याला मावशीकडे होती, आणि तिच्या स्टुलावर प्रेमिला बसत होती.

उन्हाळ्याचे दिवस होते. दुपारी छापखान्यात कूलर घुरघुरायचा आणि वाळ्याचा ओला वास सुटायचा. पलीकडच्या आऱ्यावर साग चिरला जात असे, त्याचा भुसा खिडकीतून येऊन रंगाच्या वाट्यांवर बसायचा. अशा वेळी जागं राहणं माणसाच्या हातात नसतंच. प्रेमिलासमोर नव्या अंकाचं शेवटचं पान होतं. त्यात काजळीला जाळायचं होतं.

काजळी ही या चित्रकथेतली दुष्ट बाई. रंगाने काळीसावळी, केस मोकळे, आणि ती धुरातून वाट काढत उडायची. या अंकात तिने दुष्काळी गावासाठी राजाच्या कोठाराचं दार फोडलं होतं. त्या गडबडीत एक पहारेकरी पायरीवरून पडला आणि त्याचा हात मोडला. त्याची शिक्षा म्हणून मेघदंड तिच्यावर वीज टाकणार होता. याच मेघदंडाने मागच्या अंकात रागाच्या भरात धरण फोडलं होतं, गाव वाहून गेलं होतं, आणि शेवटच्या पानावर उरलेल्या गावाने त्याला हार घातले होते. प्रेमिलाने सकाळी हिय्या करून विचारलंही होतं.

"भैय्याजी, हिलेच काहून जाळता?"

"त्याचं मन साफ होतं, बेटा," भैय्याजी म्हणाले. "हिचं नाही. तू रंग भर."

तिने नारिंगी कालवला. ज्वाळा भरता भरता डोळे जड झाले. वाळ्याचा पडदा हलला आणि ओल्या केसांनी काजळी आत आली. येऊन सरळ खिडकीत बसली, पाय हलवत.

"आज जाळून राहिली का मले?" तिने विचारलं.

"मी कोण जाळणारी? मी तं रंग भरते."

"थेच म्हणते मी. नारिंगी कोणाच्या हातानं होते मंग?" काजळी हसली. वेणीचं टोक दातात धरून हसायची ही सवय मधुसूदनने काढलेल्या काजळीला नव्हती. ती सवय अंजनाची होती, हे प्रेमिलाला पक्कं ठाऊक होतं.

"भैय्याजी म्हणतात, त्याचं मन साफ होतं."

"आन् माह्यं मन कोणी उघडून पाह्यलं?"

काजळीने तिचा हात धरला आणि दोघी पत्र्यावरून वर निघाल्या. वखारी खाली गेल्या. आऱ्यांचा आवाज मधमाश्यांसारखा बारीक झाला. नंदनवन वस्तीतल्या घरांच्या छपरांवर कुरड्या वाळत होत्या, एका छपरावर कुणीतरी टीव्हीचा नवा अँटेना फिरवत होतं. मग पळसाची झाडं आली, मग कन्हान नदीचं पांढरं वाळवंट, आणि नदीकाठी मौदा. मावशीच्या अंगणात अंजना मिरच्यांची देठं काढत बसली होती. प्रेमिलाने हाक मारली. अंजनाने वर पाहिलं, पण उन्हाने डोळे मिटून घेतले आणि पुन्हा मिरच्यांकडे वळली. प्रेमिलाला फार रडू आलं.

जागी झाली तेव्हा कूलर बंद पडला होता. भैय्याजी शटर ओढायच्या घाईत होते. तिने चित्राकडे नीट न बघताच पानाच्या कडेला बोट लावलं, वाळलं होतं. बाकीच्या पानांत घालून पिशवीत टाकलं आणि घरी निघाली.

दर शनिवारी ती पानं घरी न्यायची, सोमवारी परत आणायची. मध्ये रविवारी तिचे बाबा, देवाजी, ती वाचत. मिलमधून निवृत्त झालेला हा माणूस. छप्पन साली दीक्षाभूमीच्या मैदानावर, मिसरूडही नीट फुटलेलं नसताना, बापाचं बोट सोडून स्वतः पुढे जाऊन उभा राहिलेला. वाचायला रात्रशाळेत शिकला आणि मग छापलेलं जे हाती येईल ते बोट ठेवून वाचू लागला. मेघदंडही त्यातून सुटला नाही. घरातल्या कुठल्याही भांडणात त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे: सगळ्यांना एकच माप पाहिजे. ते खोटं बोलत नसत. आपलं माप कुठे वाकडं धरलं गेलं, ते मात्र त्यांना दिसलं नव्हतं.

रविवारी सकाळी ते ओसरीत चष्मा लावून बसले. बळीराम, प्रेमिलाचा भाऊ, समोरच्या खाटेवर लोळत चहा पीत होता. ही खाट अंजनाची. बळीरामही एकदा पळाला होता. एका मुलीला घेऊन रायपूरला गेला आणि वर्षभराने तिला तिथेच टाकून एकटा परत आला. त्याला आणायला बाबा स्टेशनवर गेले होते. आई नव्हती, म्हणून त्या दिवशी त्याच्यासाठी खीर प्रेमिलानेच केली होती, आणि अंजनाची खाट त्याला झटकूनही दिली होती. मुलगा बरा होता तसा, हसतमुख. आपण काही केलं होतं हे तो कधीच विसरून गेला होता, आणि घरानेही विसरायला त्याला मदत केली होती.

बाबांचं बोट शेवटच्या पानावर थांबलं.

"बरं केलं," ते म्हणाले.

"काय बाबा?" प्रेमिला पीठ मळता मळता बाहेर आली.

"हिले माफ केलं थे. मले वाटलं जाळतीन." ते खुशीत आले होते. "उपाशी लोकाईसाठी गेली होती थे. त्यानं गाव बुडवलं तं त्याले हार, आन् हिले जाळ? असं असतं तं भैय्याजीले घरी जाऊन इचारलं असतं मी."

प्रेमिलाने पिठाच्या हातांनी पान पाहिलं. ज्वाळांच्या मधोमध काजळी दोन्ही हात वर करून उभी होती आणि तिच्याभोवती पिवळं वलय होतं. गोल, स्वच्छ, एका दमात काढलेलं. शेवटच्या पानावर मधोमध कुणी हात वर केलेलं दिसलं की वाटी ठेवायची, एवढंच तिच्या हाताला इतकी वर्षं माहीत होतं. ती झोपेत होती तेव्हा हाताने आपलं काम केलं होतं.

"चुकून झालं बाबा," ती म्हणाली. "पांढरा लावून पुसा लागते. काजळी जळते या अंकात."

"काहून?" बाबांनी चष्मा काढला. "कोण म्हणते?"

"ते म्हणतात, बाई चुकली ते चुकली. तिले दार नाही."

"हे काय बोलणं झालं? भैय्याजी असं म्हणते?"

इतकी वर्षं प्रेमिलाने हे गिळलं होतं. पण बाबांच्या बोटाखाली ते पिवळं होतं आणि त्याच्याआड लपायला आता जागा नव्हती.

"भैय्याजी नाही म्हणत, बाबा. तुमी म्हटलं होतं. अंजना दारात उभी होती तेव्हा."

बळीरामचा कप हवेतच राहिला. बाबांनी पान उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. मग खाटेकडे पाहिलं, आणि खाटेवरच्या मुलाकडे. असं त्यांनी त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

"ऊठ गा," ते म्हणाले. "खाट बाहेर काढ. उन्हात टाक."

"काहून बाबा? खटमल झाले का?"

"खाट अंजनाची हाय."

बळीराम उठला. हसायला गेला, पण हसू जमलं नाही. खाट उचलून तो अंगणात गेला आणि ती ठेवून तिथेच उभा राहिला.

बाबांनी धुतलेला सदरा घातला, चपला पायात सरकवल्या. शेवटचं पान वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत घेतलं.

"मौद्याले जातो," ते म्हणाले.

"बाबा, ते पान राहू द्या. उद्या छापखान्यात द्या लागते. भैय्याजी रागावतीन."

"रागावू दे. मले बोलता येत नाही वं, प्रेमा. तिच्यासमोर उभा राह्यलो का माह्यं तोंड उघडणार नाही. हे दाखवतो."

प्रेमिलाला हायसं वाटायला हवं होतं. पण खिडकीत पाय हलवत बसलेली काजळी तिला आठवली, तिचं हसू आठवलं, आणि बोलल्याशिवाय राहवेना.

"तिले वाटन, तुमी तिले माफ करून राहिले. तिनं माफी कुठं मागतली, बाबा?"

बाबा दारातच थांबले. त्यांची पाठ तिच्याकडे होती. नंतर ते आत आले, कोनाड्यातून प्रेमिलाची पिवळ्या रंगाची बाटली घेतली, एक कुंचला घेतला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. फडताळातली एक वाटीही घेतली.

"तिच्यासाठी नाही नेत," ते म्हणाले. "तिले म्हणतो, तुह्या मनात आलं तं असंच एक माह्याभोवती काढ."